आरएसी तिकिटावरचा खासदार

13 जानेवारी 2021 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने, म्हणजे तिथल्या लोकसभेने, डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग ठेवला. बाजूने 232 मतं, विरोधात 197. पुढच्या महिन्यात सेनेट या वरच्या सभागृहापुढे खटला उभा राहिला, तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या वतीने आरोप मांडायला नऊ जण गेले. त्यात एक होत्या स्टेसी प्लॅस्केट. पेशाने वकील, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सरकारी पक्षासाठी खटले चालवलेल्या. शंभर सेनेटरांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाजू मांडली.

पण त्या 232 मतांमध्ये प्लॅस्केटबाईंचं मत नव्हतं. त्या गैरहजर नव्हत्या, तटस्थही नव्हत्या. त्यांना मतच नाही. त्या व्हर्जिन आयलंड्स या अमेरिकेच्या मालकीच्या बेटांच्या 2015 पासून निवडून आलेल्या प्रतिनिधी आहेत, आणि तिथल्या प्रतिनिधीला सभागृहात बसता येतं, बोलता येतं, विधेयक मांडता येतं. अंतिम मतदान सुरू झालं की मात्र हात बांधलेले.

आपल्याला हे ऐकून पहिल्यांदा आठवतो तो महापालिकेतला स्वीकृत नगरसेवक. त्यालाही सभेत बोलता येतं, पण मत देता येत नाही; तशी तरतूद थेट राज्यघटनेतच आहे. फरक असा, की स्वीकृत नगरसेवकाला कोणी निवडून दिलेलं नसतं. ज्याला लोकांनी निवडलं नाही त्याने मत देऊ नये, हे पटण्यासारखं आहे. प्लॅस्केट यांच्यासाठी मात्र प्रचार होतो, मतपत्रिका छापल्या जातात, लोक रांगा लावतात, मोजणी होते. एवढं सगळं करून निवडून येणारी व्यक्ती मत न देणारी. म्हणून मला जास्त जवळची वाटते ती रेल्वेची आरएसी. गाडीत चढता येतं, बसायला जागा मिळते, टीसी उतरवत नाही. झोपायला बर्थ मात्र नाही. आणि तिकीट काढताना प्रत्येकाला वाटत असतं, पुढच्या एखाद्या स्टेशनावर कन्फर्म होईल.

असे आरएसीवाले प्रतिनिधिगृहात सहा आहेत. मतदान करणारे सदस्य 435, त्यांच्याशिवाय हे सहा. व्हर्जिन आयलंड्स, ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना बेटं यांचा प्रत्येकी एक. पोर्तो रिकोचा एक. आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीचा एक. पाच जणांना 'डेलिगेट' म्हणतात. पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीचं पदनाम वेगळं, 'रेसिडेंट कमिशनर', आणि त्याची मुदत चार वर्षांची. आख्ख्या प्रतिनिधिगृहात चार वर्षांसाठी निवडून येणारी ही एकच व्यक्ती. बाकी सगळ्यांना दर दोन वर्षांनी लोकांपुढे जावं लागतं.

या सहा जागांमागे माणसं किती? 2020 च्या जनगणनेत पोर्तो रिकोची लोकसंख्या सुमारे 32 लाख 86 हजार होती. ग्वाम 1 लाख 54 हजार, व्हर्जिन आयलंड्स 87 हजार, अमेरिकन सामोआ जेमतेम 50 हजार, उत्तर मारियाना 47 हजार. पाचही मुलूख मिळून 36 लाखांच्या वर. त्याशिवाय राजधानीतले पावणेसात लाखांहून जास्त. वायोमिंग या राज्यात तेव्हा 5 लाख 77 हजार लोक होते. त्यांना प्रतिनिधिगृहात एक पूर्ण मत आणि सेनेटमध्ये दोन सेनेटर. पोर्तो रिको राज्य असतं तर लोकसंख्येच्या हिशेबाने त्याला चार सदस्य मिळाले असते. सेनेटमध्ये तर या सहापैकी कोणाचाच कोणी नाही, मत नसलेलाही नाही.

हे असं का, याचं कायद्यातलं उत्तर एका शब्दात आहे: राज्य. अमेरिकेची राज्यघटना म्हणते, की प्रतिनिधिगृहाचे सदस्य 'राज्यांतले लोक' निवडतील. ग्वाम राज्य नाही, पोर्तो रिको राज्य नाही, म्हणून त्यांचा माणूस 'सदस्य' नाही. घटनेने त्यांना बोलावलेलंच नाही. त्यांना आत घेतलं ते साध्या कायद्याने. आणि कायद्याने तेवढंच देता येतं, जेवढं घटनेने अडवलेलं नाही.

ही सोय मुळात या बेटांसाठी केलेलीही नव्हती. 1787 साली, आजची राज्यघटना लागू होण्याच्याही आधी, ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या मोठ्या मुलखासाठी एक कायदा झाला. तिथे वस्ती वाढत होती, पण राज्य म्हणावं एवढी अजून झाली नव्हती. कायद्यात टप्पे ठरवले होते. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले की स्थानिक विधिमंडळ, आणि त्या विधिमंडळाने निवडलेला एक प्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. त्याला चर्चेचा हक्क, मताचा नाही. साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की राज्य. म्हणजे मत नसलेला प्रतिनिधी ही मधल्या काळाची व्यवस्था होती.

त्या मुलखाचा पहिला प्रतिनिधी विल्यम हेन्री हॅरिसन. 1799 मध्ये स्थानिक विधिमंडळाने त्यांना 11 विरुद्ध 10 मतांनी निवडलं. एका मताने निवडून आले आणि स्वतःला एकही मत नाही! तरी वर्षभरात त्यांनी जमीनविक्रीचा कायदा बदलून घेतला. आधी सरकारकडून किमान 640 एकर घ्यावे लागत, ते 320 वर आले आणि पैसे हप्त्याने भरायची मुभा मिळाली. हेच हॅरिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि महिनाभरात वारले. हॅरिसन यांच्याही आधी, 1794 मध्ये, ओहायोच्या दक्षिणेकडून जेम्स व्हाइट आले होते. त्यांना आत बसवायचं की नाही यावरच सभागृहात वाद झाला. तो मुलूख दोन वर्षांत टेनेसी नावाचं राज्य झाला. त्यांचं तिकीट कन्फर्म.

एकोणिसाव्या शतकभर हेच चाललं. मुलूख, मग प्रतिनिधी, मग राज्य. शेवटचे दोघे अलास्का आणि हवाई, दोन्ही 1959 मध्ये.

मध्येच 1898 साल येतं. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाइन्स अमेरिकेच्या हाती लागले. 1900 मध्ये सामोआचा पूर्वेकडचा भाग आला. 1917 मध्ये व्हर्जिन आयलंड्स डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर मोजून विकत घेतली. इथे प्रश्न उभा राहिला: ही माणसं गोरी नाहीत, इंग्रजी बोलत नाहीत, यांना राज्य करायचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1901 पासून एकामागून एक निकाल देत एक चलाख वाट काढली. काही मुलूख राज्य होण्याच्या वाटेवर आहेत, काही नुसतेच मालकीचे आहेत; आणि दुसऱ्या प्रकाराला सगळी घटना आपोआप लागू होत नाही. एका न्यायमूर्तींनी पोर्तो रिकोला 'घरातल्या अर्थाने परकं' म्हटलं. इतकं कोड्यात बोललं की समजून घ्यावं, काहीतरी लपवायचं आहे. ते निकाल औपचारिकपणे अजून रद्द झालेले नाहीत.

तर वेटिंगरूम बांधली एकासाठी, आणि राहायला आले दुसरेच. पोर्तो रिकोचे पहिले कमिशनर फेदेरिको देगेताऊ 1900 मध्ये निवडून आले, तेव्हा सुरुवातीला त्यांना सभागृहात पाऊल ठेवायचीसुद्धा परवानगी नव्हती. फिलिपाइन्सला काही काळ दोन कमिशनर होते. त्यातले मान्युएल केसॉन यांनी 1916 मध्ये स्वातंत्र्याचं वचन देणारा कायदा करून घेतला, आणि नंतर ते स्वतःच तिथले अध्यक्ष झाले. फिलिपाइन्स 1946 मध्ये गाडीतूनच उतरला. तोही एक मार्ग.

आता प्रत्यक्ष निवडणूक कशी होते ते बघू, आणि त्यासाठी ग्वामला जाऊ. पॅसिफिकमधलं हे बेट क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा किंचित लहान, सुमारे साडेपाचशे चौरस किलोमीटर. त्यातली पाव भागाहून जास्त जमीन अमेरिकेच्या सैन्याकडे. मूळ रहिवासी चामोरो. 1950 मध्ये त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण वॉशिंग्टनमध्ये बोलायला माणूस नव्हता. ग्वामने मग वाट पाहिली नाही. स्वतःच 'वॉशिंग्टन प्रतिनिधी' असं पद काढलं आणि अंतोनियो वोन पॅट यांना 1965 मध्ये पाठवून दिलं. खर्च बेटाचा, सभागृहात जागा शून्य. सात वर्षं ते कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिले. 1972 मध्ये काँग्रेसने कायदा करून ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्सला डेलिगेट दिला, आणि 1973 मध्ये वोन पॅट पहिले अधिकृत डेलिगेट म्हणून आत बसले. बेटावरच्या विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे.

पात्रतेच्या अटी थोड्याच. वय 25, ग्वामचा रहिवासी, त्याच वेळी दुसऱ्या कोणत्या पदासाठी उभा नसावा, आणि 'अमेरिकेशी निष्ठा' असावी. शेवटचा शब्दप्रयोग मुद्दाम केलेला आहे. नेहमीच्या सदस्याला सात वर्षं नागरिक असावं लागतं. इथे नागरिकत्वाऐवजी निष्ठा आहे. अमेरिकन सामोआत जन्मलेल्याला तर जन्माने नागरिकत्व मिळतच नाही. तो अमेरिकेचा 'नॅशनल' असतो, पासपोर्ट अमेरिकेचा, पण नागरिक नाही.

आख्खं बेट म्हणजे एकच मतदारसंघ. ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत प्राथमिक फेरी, नोव्हेंबरमध्ये मुख्य मतदान. ते इतर अमेरिकेबरोबर त्याच मंगळवारी होतं, पण ग्वाममध्ये तो मंगळवार आधी उजाडतो. तिथे सकाळी 7 वाजता केंद्रं उघडतात, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सोमवारचे दुपारचे 4 वाजलेले असतात. त्याच दिवशी बेटाच्या विधिमंडळाचे 15 सदस्यही निवडले जातात. त्यांना 'सेनेटर' म्हणतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाची गडबड उडते. ग्वामला पंधरा सेनेटर आहेत, आणि सेनेटमध्ये एकही नाही.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. ग्वामच्या डेलिगेटला मात्र पडलेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. कोणालाच मिळाली नाहीत, तर चौदा दिवसांनी पहिल्या दोघांत फेरमतदान. 2020 मध्ये असंच झालं. 3 नोव्हेंबरच्या मतदानात विद्यमान डेलिगेट मायकेल सान निकोलस पुढे होते, पण निम्म्याच्या खाली अडकले. 17 नोव्हेंबरला त्यांची गाठ माजी डेलिगेट रॉबर्ट अंडरवुड यांच्याशी पडली आणि सान निकोलस जिंकले. दोन वर्षांनी ते गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरले, जागा मोकळी झाली. तेव्हा एका बाजूला ज्युडिथ वोन पॅट, म्हणजे पहिल्या डेलिगेटची मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन जेम्स मॉयलन. मॉयलन निवडून आले. मत नसलेल्या खुर्चीसाठी घराणी आणि पक्ष इतकं झुंजतात, याचं नवल वाटत असेल तर पुढचा भाग वाचा.

डेलिगेटला काय काय करता येतं? पगार इतर सदस्यांएवढाच, वर्षाला 1 लाख 74 हजार डॉलर. कार्यालय, कर्मचारी, भाषणाचा वेळ, विधेयक मांडायचा हक्क. स्वतःच्या पक्षाच्या बैठकीत मत. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, समित्यांमध्ये पूर्ण मत. अमेरिकेत बहुतेक विधेयकांचं भवितव्य समितीतच ठरतं. तिथे कलम घुसवता येतं, काढता येतं, विधेयक दाबून टाकता येतं. समितीत ग्वामचं मत टेक्सासच्या मताएवढंच.

काय करता येत नाही? सभागृहाच्या अंतिम मतदानात मत नाही. सभापतीच्या निवडीत मत नाही. समितीत अडकलेलं विधेयक बाहेर काढायला सदस्य सह्या करतात, त्या अर्जावर सही नाही. 2022 च्या डिसेंबरात पोर्तो रिकोच्या भवितव्यावर सार्वमत घेण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात 233 विरुद्ध 191 मतांनी मंजूर झालं (सेनेटने ते पुढे नेलं नाही). त्या वेळच्या कमिशनर जेनिफर गोन्सालेस त्या विधेयकाच्या पुरस्कर्त्यांपैकी होत्या. बेट त्यांचं, भवितव्य त्यांच्या लोकांचं, आणि मतदान सुरू असताना त्या बघत उभ्या.

मधे एक गमतीचा नियम आहे. विधेयकावर दुरुस्त्यांची चर्चा करताना सगळं सभागृहच एक समिती असल्याचं मानलं जातं. समिती म्हटल्यावर डेलिगेटांना मत का नको, असा युक्तिवाद करून 1993 मध्ये डेमोक्रॅटांनी त्यांना तिथे मत दिलं. रिपब्लिकन कोर्टात गेले. नियम कोर्टात टिकला, पण कशामुळे? त्यात आधीच एक पाचर मारून ठेवली होती. डेलिगेटांच्या मतांमुळे निकाल फिरला, तर लगेच पुन्हा मतदान घ्यायचं, त्यांना वगळून. म्हणजे तुमचं मत मोजू, फक्त त्याने फरक पडता कामा नये. लहानपणी खेळात कच्चं लिंबू असायचं, ते हेच. हा हक्कसुद्धा 1995 मध्ये गेला, 2007 मध्ये आला, 2011 मध्ये गेला, 2019 मध्ये परत आला. बहुमत कोणाचं, त्याप्रमाणे.

मग मत नसलेला माणूस काम करून कसं घेतो? ग्वामच्या युद्धभरपाईची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. डिसेंबर 1941 मध्ये जपानने बेट घेतलं, जुलै-ऑगस्ट 1944 मध्ये अमेरिकेने परत जिंकलं. मधल्या अडीच वर्षांत चामोरो लोकांनी सक्तमजुरी, मारहाण, बलात्कार, शिरच्छेद भोगले. शेवटच्या आठवड्यांत हजारोंना पावसातून चालवत मानेंगॉनच्या छावणीत नेलं. जपानकडून भरपाई मागायची सोय उरली नाही, कारण 1951 च्या तहात अमेरिकेने ते दावेच सोडून दिले होते. तेव्हा मागणी अमेरिकेकडेच करावी लागली.

अंडरवुड यांनी 2002 मध्ये चौकशी आयोगाचा कायदा करून घेतला. आयोगाने 2004 मध्ये अहवाल दिला. त्यांच्यानंतर मॅडलिन बोर्डालो आल्या. त्यांचं भरपाईचं विधेयक 2007 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सेनेटमध्ये पडून राहिलं. 2009 मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा त्यांना स्वतःच्या विधेयकाला मत देता आलं नाही. पण बोर्डालो संरक्षण समितीवर होत्या. अमेरिकेत संरक्षण खर्चाचं विधेयक दर वर्षी मंजूर होतंच होतं. ते अडवायची कोणाची सहसा हिंमत नसते. अशा गाडीला आपला डबा जोडला की तो पोचतो. डिसेंबर 2016 मध्ये भरपाईचा कायदा त्या विधेयकाच्या पोटातून बाहेर पडला. हयात असलेल्यांना, सोसलेल्या छळाप्रमाणे, 10 ते 15 हजार डॉलर. मग पैसे देण्याच्या पद्धतीत तांत्रिक खोट निघाली आणि वाटप अडकलं. ती दुरुस्त करणारं विधेयक सान निकोलस यांनी मांडलं आणि जुलै 2020 मध्ये त्याचा कायदा झाला. छळ झाला तेव्हा पाच वर्षांचं असलेलं मूल तोवर ऐंशीच्या घरात पोचलं होतं. आणि हा निधी उभा केला तो मुख्यतः ग्वामलाच परत मिळणाऱ्या करातून, हेही नोंदवून ठेवायला हवं.

माझं मत विचाराल, तर या गोष्टीतून दोन्ही बाजू दिसतात. डेलिगेट बिनकामाचा नाही. पण ज्या कामाला मत असलेल्या सदस्याला देवाणघेवाण करता येते, 'तू माझ्या विधेयकाला हात दे, मी तुझ्या', तिथे डेलिगेटकडे द्यायला काहीच नसतं. त्याला चिकाटी आणि ओळखी एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

दुसरीकडे हे वेगळ्या पद्धतीने सोडवलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने 1922 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीला असाच मत नसलेला खासदार दिला. पण तिथल्या घटनेत मुलखांना कोणत्या अटींवर प्रतिनिधित्व द्यायचं हे संसदेवर सोपवलेलं आहे. म्हणून साध्या कायद्याने हळूहळू हक्क वाढवता आले आणि 1968 मध्ये पूर्ण मत मिळालं. अमेरिकेला त्यासाठी राज्य करावं लागेल, नाहीतर घटना बदलावी लागेल. डीसीसाठी 1978 मध्ये घटनादुरुस्ती काँग्रेसने मंजूर केली होती. 38 राज्यांची संमती हवी होती, 16 च मिळाली.

आपल्याकडे लक्षद्वीपची लोकसंख्या 2011 मध्ये 64 हजार. तरी तिथल्या खासदाराला लोकसभेत पूर्ण मत आहे, राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही आहे. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं. अशा दिवशी लक्षद्वीपचं मत आणि मुंबईतलं मत सारखंच वजनदार. मात्र 1967 पर्यंत हा खासदार लोक निवडत नव्हते, राष्ट्रपती नेमत होते. अमेरिकेच्या अगदी उलट: निवड नाही, पण मत आहे. गोव्याला 1987 मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, पण त्याआधी केंद्रशासित असतानाही तिथल्या खासदारांचं मत मोजलं जात होतं. त्याहूनही मागे, पोर्तुगीज काळात 1822 पासून गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी जायचे.

ग्वामच्या लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही मत नाही. तरी 1980 पासून दर चार वर्षांनी ते नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाचं नाव निवडतात. ही मतं मोजून जाहीर होतात आणि कुठेही धरली जात नाहीत.

आणि हा नियम जन्मावर नाही, पत्त्यावर चालतो. ग्वामचा माणूस हवाईला राहायला गेला की मतदार होतो. उलट इलिनॉयमध्ये राहणारा एखादा मराठी माणूस, अमेरिकेचा नागरिक झालेला, कायमचा पुण्याला परतला, तर टपालाने राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकतो. कारण तो 'परदेशी' गेला. तोच ग्वामला राहायला गेला तर मत गेलं, कारण ग्वाम परदेश नाही. काही माजी सैनिक आणि इतर रहिवासी या भेदाविरुद्ध कोर्टात गेले होते. 2018 मध्ये ते हरले.